अर्धी कडी

सायकलची चेन किती ताणावी, याचं गोमा पाटलाकडे एक ठरलेलं उत्तर होतं. चेनच्या मधोमध खालून बोट लावायचं आणि वर उचलायचं. बोटाच्या पेरभर उचलली गेली तर ठीक. जास्त उचलली गेली तर ढिली, आणि मुळीच हलली नाही तर ती चेन नव्हे, फास. शिवाय हे एका जागी पाहून भागत नाही. जुनं चक्र कधीच पुरतं गोल नसतं, एका जागी ताणतं आणि एका जागी सोडतं. म्हणून पायडल सावकाश एक पुरा फेरा फिरवायचं आणि जिथे चेन सगळ्यात जास्त ताणली जाते तिथे ती पेरभर ढील ठेवायची. भाईंदर स्टेशनाबाहेर चिंचेखाली गोणपाटाच्या सावलीत बसून गोमा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक गाडी चुकेल म्हणून पाय आपटत उभं असायचं, आणि हा आपला पायडल फिरवत बसलेला.

कामात असा काटेकोर माणूस वागण्यात मात्र नको तितका मऊ होता. समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्याला नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण, असं त्याची आई म्हणायची, आणि गोमा हसून सोडून द्यायचा. भिडेपायी आपलं फार तर चार पैशांचं नुकसान होतं, आपलं आपण सोसतो, दुसऱ्याचं काय जातं, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकीचा होता, पण तो चुकीचा आहे हे त्याला कळायला त्याचा दोस्त इनास जावा लागला.

गोमा मूळचा खारी गावचा. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आणि बारा वर्षांचा झाल्यावर गोमाही तिथेच. मिठाच्या पाण्याने टाचांना ज्या भेगा पडल्या त्या पुढे आयुष्यभर बुजल्या नाहीत. बांधावरून मुकादम छत्री घेऊन चालायचा, आणि त्या छत्रीचं टोक ज्याच्याकडे वळेल त्याने मुकाट उठायचं, एवढंच शिक्षण तिथे मिळालं. विसाव्या वर्षी तो वसईच्या एका बोहऱ्याकडे सायकलचं काम शिकायला गेला. परत आला तो पाने आणि चिमटे घेऊन, आणि चिंचेखाली बसला. मिठागर सुटलं, पण मुकादमाची छत्री दिसली की अजून त्याचा हात कपाळाकडे जायचा.

इनास उत्तनचा. जातीचा दर्यावर्दी, पण एका वादळात डावा खांदा निखळला आणि जाळं ओढण्याच्या कामाचा राहिला नाही. मग त्याने सायकल घेतली, आणि तीही साधीसुधी नव्हे. वांद्र्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याची तीन गिअरची सायकल इनासने बायकोच्या कानातल्या फुलांवर आणली. मागच्या चाकाच्या पोटात गिअर, हँडलला छोटासा खटका. खटका दाबला की पायडल हलकं. उत्तनहून भाईंदरला येताना डोंगरीची चढण लागते, आणि मागे मासळीच्या दोन भरल्या टोपल्या असल्या की भले भले उतरून ढकलतात. इनास बसून चढायचा. गावातल्या कोळणी चालत पुढे निघायच्या, त्यांच्या टोपल्या इनासच्या सायकलवर यायच्या, आणि स्टेशनात बायका आणि मासळी एकाच वेळी पोचायची.

त्या सायकलमुळे दोघांची ओळख झाली, पण दोस्ती झाली ती एका मरणामुळे.

उत्तनच्या जुन्या घरांत एक दंडक होता. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, चर्चच्या घंटा वाजतात आणि मग मुक्या होतात, त्या शनिवारी सकाळपर्यंत. मध्ये काही सांगायचं असलं तर लाकडी फळी वाजवतात. त्या दोन दिवसांत घरात ठोकायचं, पिळायचं, आवळायचं काम करायचं नाही. हातोडा नाही, खिळा नाही, पाना नाही. ज्या दिवशी त्याला क्रुसावर खिळे मारले, त्या दिवशी आपण खिळा मारायचा नाही, असं म्हाताऱ्या सांगत. पाद्री म्हणायचे की देवाचा असा काही हुकूम नाही, पण म्हाताऱ्यांपुढे पाद्र्यांचंही फारसं चालत नसे.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या साली इनासची आई नेमकी गुड फ्रायडेला पहाटे गेली. उन्हाळ्याचे दिवस, शनिवारपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. शवपेटी चर्चच्या माळ्यावर तयार असते, पण झाकण बसवून खिळे मारणार कोण? गावात एक हात पुढे येईना. तेव्हा इनास सायकल हाणत चिंचेखाली आला. म्हणाला, "गोमा, आमचे सगल्यांचे हात बांधलेले हायत. तुझे मोकळे हायत." गोमाने हातोडा उचलला, खिशात खिळे टाकले आणि निघाला. आठ खिळे त्याने असे सरळ मारले की म्हाताऱ्यांनीही मान डोलावली. त्या दिवसापासून तो त्या घरातला झाला. दर वर्षी त्या गुरुवारी इनास सायकल घेऊन यायचा, गोमा सगळे नट आवळून द्यायचा, आणि इनास म्हणायचा, आता दोन दिवस मी संत.

लढाईच्या चौथ्या वर्षी सायकलीच्या पोटातला गिअर गेला. भर चढणीवर पायडल रिकामंच फिरायचं आणि इनास टोपल्यांसकट मागे यायचा. गोमाने चाक उघडलं. आतल्या दातऱ्या झिजून गोट्यांसारख्या झाल्या होत्या. विलायतेहून सामान येणं कधीच बंद पडलं होतं. तेलाच्या टंचाईमुळे सडकेवरची मोटार बंद, त्यामुळे सगळ्या गावाची मासळी इनासच्या चाकावर. सायकल बंद तर इनासच्या घरची चूल बंद, हे गोमाला सांगावं लागलं नाही.

त्याने तीन दिवस खपून ती एका गिअरची केली. चाकाच्या मधला गिअरचा गड्डा काढून साधा बसवला. चढणीसाठी मागे मोठं, वीस दात्यांचं चक्र घातलं. फ्रीव्हील कुठेच मिळेना, तेव्हा चक्र चाकालाच पक्कं केलं. अशा सायकलवर पाय मोकळे सोडता येत नाहीत. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि वेग कमी करायचा तर पायांनीच मागे रेटायचं. पुढच्या ब्रेकला रबर नव्हतं, तिथे जुन्या टायरचे तुकडे लागले. म्हणजे खरा ब्रेक ती चेन. गोमाने हे इनासला तीनदा सांगितलं. तुझा जीव त्या चेनीवर हाय, असंही सांगितलं.

आणि चेनीतच घोळ झाला. चेनच्या कड्या जोडीने जातात, एक रुंद आणि एक अरुंद. काढायच्या तर दोन, घालायच्या तर दोन. जोडी ठेवली तर चेन लोंबायची. चाकाचा आस, म्हणजे मधला दांडा, सांगाड्याच्या खाचेत पार मागच्या टोकाला भिडवला तरी लोंबायची. जोडी काढली तर चेन इतकी आखूड व्हायची की आस खाचेच्या अगदी पुढच्या तोंडाशी बसायचा, आणि तिथे नटाला निम्मीच पकड. ओझ्याने आस रोज केसभर पुढे सरकायचा आणि चेन ढिली पडायची. यावर इलाज एकच. एक कडी अशी येते की जी एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद आणि कमरेत वाकलेली असते. कारागीर तिला अर्धी कडी म्हणतात. ती एकटी घालता येते. ती घातली की आस खाचेच्या मधोमध बसला असता आणि महिनाभर बघायला लागलं नसतं.

"अर्धी कडी मिळेपर्यंत दर संध्याकाळी चेन ताणायची," गोमाने सांगितलं आणि इनासला आपला एक पाना देऊन टाकला. "एक दिवस बी चुकवायचा नाय."

इनासने एक दिवस चुकवला नाही. घरी पोचला की आधी पाना, मग चहा. बोट लावून चेन उचलायची, फेरा फिरवायचा, नट आवळायचे. गर्ट्रूड, त्याची बायको, चेष्टेने म्हणायची की गोमाने माझ्या नवऱ्याला रोज जपायला नवीन रोझरी दिली.

अर्धी कडी शेवटी वसईच्या बोहऱ्याकडे एका गंजक्या डब्याच्या तळाशी सापडली. एकच. गोमा ती घेऊन आला तेव्हा ईस्टरला आठवडा उरला होता. झावळ्यांच्या रविवारी त्याने इनासला डबी उघडून दाखवली. इनासने ती कडी बोटांत धरून उजेडाकडे केली, आणि दोघेही उगाचच हसले. पण तो आठवडा मासळीच्या धंद्याचा. वांद्र्याला उपासाच्या दिवसांत मटण बंद, म्हणून मासळीला भाव, सायकल अर्धा दिवसही सोडता येईना. ठरलं की गुरुवारी दुपारी शेवटची खेप टाकली की इनास येईल, तशीही त्या दिवशी त्याचे हात बांधलेलेच असतात, आणि गोमा कडी बसवून देईल.

मंगळवारी मुकादम आला.

त्याच्या सायकलची एक कडी तुटली होती. काम सोपं होतं. जोडी काढून टाकली असती तर चाक जरा पुढे आलं असतं, बाकी काही बिघडणार नव्हतं. गोमा तेच करायला बसला होता. मुकादम उभ्या उभ्या इकडे तिकडे बघत होता. त्याने छत्रीच्या टोकाने डबी उघडली. "ही कसली कडी? नवीन दिसते. हीच लाव."

गोमाने सांगायला हवं होतं की ती दुसऱ्याची आहे. चार शब्दांचं काम. त्या मुकादमाचं आता गोमावर काही चालत नव्हतं. तो रागावला असता तर फार तर दुसरीकडे गेला असता. पण छत्रीचं टोक डबीवर टेकलेलं होतं, आणि गोमाचा हात कपाळाकडे गेला. तो एवढंच म्हणाला की ही जरा वेगळी असते, मुकादम म्हणाला की मग चांगलीच असणार, आणि कडी बसली. मुकादम दोन फेऱ्या मारून बघून निघून गेला. आपल्या सायकलला काय लागलं हे त्याला कळलंही नाही.

आता इनासला काय सांगायचं, यावर गोमाने मनाशी पुष्कळ खल केला. माणूस स्वतःला समजावण्यात मोठा हुशार असतो. इनास काय, घरचाच माणूस. घरच्या माणसाला थांबवता येतं. इतके महिने रोज ताणतोय, आणखी चार दिवस ताणेल. बोहऱ्याला पुन्हा विचारू. समोरच्याला नाही म्हणवत नाही तेव्हा त्याची किंमत आपण नेहमी घरच्या माणसाकडून वसूल करतो, हे गोमाला त्या वेळी दिसलं नाही. दिसलं असतं तरी कडी परत येणार नव्हती.

गुरुवारी दुपारी ऊन डोक्यावर होतं. शेजारी जेठाभाईची गवताची वखार होती. मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गासड्या तिथे रचून ठेवलेल्या असत. गोमाने लांबून इनासची सायकल ओळखली, टोपल्या रिकाम्या, मान खाली, आणि चेनच्या कव्हरवर टक टक असा आवाज. चोराच्या मनात चांदणं. गोमा उठला आणि जेठाभाईला म्हणाला की मी खारीला गेलोय म्हणून सांगा. जेठाभाईने मान हलवली. गोमा गासड्यांमागे जाऊन उकिडवा बसला. चाळिशीला आलेला, दोन पोरींचा बाप, दोस्ताला भिऊन गवतात लपलेला.

इनास आला. गोमाच्या खोक्यावर बसून राहिला. अर्धा तास तरी बसला असेल. गवताची कुसं गोमाच्या मानेत जात होती आणि शिंक येऊ नये म्हणून त्याने नाक दाबून धरलं होतं. एकदा त्याच्या मनात आलं की उठावं, सरळ जाऊन सांगावं, बाबा, कडी दिली मी, शिव्या घाल, पण चेन ताणून देतो. अर्ध्या घटकेचं काम. पण मग गासड्यांमागून बाहेर यावं लागलं असतं. कपड्यांवर गवत घेऊन. ती लाज त्याला झेपली नाही.

इनास उठला. जेठाभाईला जे म्हणाला ते गोमाने शब्दन् शब्द ऐकलं.

"गोमाला सांगा, इनास आल्ता. कडीची घाई न्हाय. पन चेन लय ढिली झालीय, आन् माझे हात शनवारपत्तर बांधलेले हायत. शनवारी घंटा झाल्या की येतो."

आणि गेला. टक टक करत गेला. गोमाच्या कानाला कळत होतं की हा पेरभर ढिलाईचा आवाज नाही, चांगल्या दोन पेरांचा आहे. गुरुवारच्या दोन भरल्या खेपांनी आस पार पुढे आला असणार. घरी जाऊन ताणेल, असं त्याला सवयीने वाटलं, आणि लगेच ध्यानात आलं की ताणणार नाही. सकाळीच घंटा मुक्या झाल्यात. ध्यानात आलं तेव्हा सायकल अजून वळणापर्यंत पोचली नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

चिंचेच्या फांदीला पानात गुंडाळलेलं एक पापलेट लटकवलेलं होतं. दर गुरुवारी इनास आणायचा तसं.

घरी बायकोने, रुक्मिणीने, त्याचं कालवण केलं. गोमा पोटभर जेवला, हेही सांगायला हवं. मासळी ताजी होती, भूक होती, आणि घास कुठे अडकला वगैरे काही नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त खुपलं ते हे जेवण, कारण तो दुसरा तुकडा वाढून घेत होता तेव्हा इनास गेलेला होता.

शुक्रवारी सकाळी गोमा दुकान मांडत असताना डोंगरीचा एक माणूस चालत आला. काल सांजेला इनास डोंगरीच्या उतारावर पडला म्हणाला. घरी नेईपर्यंत श्वास होता, दिवा लावायच्या आत गेला. आज चार वाजता माती आहे. जाता जाता तो म्हणाला, "गर्ट्रूडनं सांगितलंय, हातोडा घेऊन या."

गोमाने हातोडा घेतला. आठ खिळे मोजून खिशात टाकले. आपल्याच सायकलवर बसला आणि मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत निघाला. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग उन्हात पांढरे पडले होते. वाटेत तो स्वतःला सांगत होता की माणूस शंभर कारणांनी पडतो. बैल आडवा आला असेल. पुढचा टायर फुटला असेल. डोंगरीच्या उतारावर दुसऱ्या वळणाला दगडी कठड्याजवळ रक्तावर माती टाकलेली दिसली. त्याने उतरून सायकल हातात धरली आणि बाकीचा उतार चालत उतरला.

सायकल इनासच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. कोणी ती पुसली नव्हती. गोमाने न बघता पुढे जायचं ठरवलं होतं, पण कारागिराचे डोळे त्याच्या मालकीचे नसतात. उजव्या बाजूचा नट खाचेच्या तोंडापाशी आला होता. चेन मागच्या चक्रावरून उतरून चक्र आणि दांडीच्या मध्ये पाचर मारल्यासारखी अडकली होती. उतारावर पाय मागे रेटले, ढिली चेन उडाली, अडकली, चाक जागच्या जागी थांबलं आणि इनास पुढे फेकला गेला. सगळं तिथे लिहिल्यासारखं होतं. बैल नव्हता, टायर नव्हता. जो सुटा भाग खाली लोंबत होता त्याला गोमाने सवयीने बोट लावलं, आणि बोट लगेच काढून घेतलं.

दोन्ही नट तसे घट्टच होते. निम्म्या पकडीवर जेवढे घट्ट राहावेत तेवढे. इनासचा पाना घराच्या वळचणीला, खुंटीवर टांगलेला होता.

घरात माणसं दाटीने उभी होती. घंटा नाही, गाणं नाही. मधूनमधून चर्चच्या बाजूने लाकडी फळीचा आवाज यायचा. इनासला काळा कोट घातला होता, लग्नातला. कपाळावर पट्टी. पेटीच्या उशाशी गर्ट्रूड बसली होती. गोमाला पाहून ती उठली, आणि सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. त्याच्या हातात हातोडा होता आणि सगळे त्याच्याकडे उपकार मानल्यासारखे बघत होते. आजवर एवढा मान त्याला कुणी दिला नव्हता, आणि तो नजर खाली घालून पेटीपाशी गेला.

पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली. झाकण ठेवलं. गोमा गुडघ्यावर बसला आणि खिळे मारायला लागला. एका बाजूला चार. खिळे नेहमीसारखे सरळ गेले. हातांना काय ठाऊक. दुसऱ्या बाजूला तीन झाले.

गर्ट्रूड त्याच्या शेजारी येऊन बसली होती. ती हळूच, त्यालाच ऐकू जाईल इतपत बोलली.

"तो सुद्धीवर व्हता जरासा. एवडंच बोलला, गोमा भेटला न्हाय. तुमी दुकानात असते तर ह्या न्हाय झाला असता, गोमाभाऊ. पन तुमचा काय दोस? मानूस कदी घरी जातंच."

तिने मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गोमाला वाटलं होतं की कोणी तरी त्याला विचारेल, दोष देईल, मग तो काहीतरी सांगेल. दोष आला असता तर त्याने तो कदाचित मूग गिळून सोसला असता आणि घरी गेला असता. माफी त्याला सोसेना. ती त्याची नव्हती. ती खारीला गेलेल्या कुणा दुसऱ्याच गोमाची होती, आणि तो माणूस जगात नव्हता.

"वयनी," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि खोलीतली कुजबुज थांबली. "मी खारीला गेलो नव्हतो. जेठाभाईच्या गवतामागं बसलो व्हतो. त्याची कडी मी मुकादमाला दिली. तोंड दाखवाची लाज वाटली. तो बोलला ते समदं मी ऐकत व्हतो."

गर्ट्रूडचा हात खांद्यावरून खाली आला. मग तिने दोन्ही हात पुढे केले.

"एक खिळा ऱ्हायलाय," ती म्हणाली. "द्या हिकडं. हातोडा पन द्या."

मागून कुणी म्हातारी म्हणाली, गर्ट्रूड, आज न्हाय गो. पाद्री एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

"ठावं हाय मना आज काय हाय ता," गर्ट्रूड म्हणाली. "ह्याच्या हातचा न्हाय पायजे."

गोमाने हातोडा दिला. तिने तो जन्मात धरला नव्हता, लाकडाचा दांडा पार टोकाशी धरला होता. पहिला घाव बोटावर बसला. तिने बोट बघितलंही नाही. दुसरा घाव खिळ्यावर, तिसरा लाकडावर. त्या मुक्या गावात तो आवाज किती लांब गेला असेल कुणास ठाऊक. बाहेर अंगणात उभे असलेले पुरुष टोप्या हातात धरून दाराकडे वळले. खिळा निम्मा आत गेला आणि वाकला. ती वाकलेल्यावरच ठोकत राहिली, तो लाकडावर आडवा निजेपर्यंत. मग तिने हातोडा गोमाच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

चौघांनी पेटी उचलली. लाकडी फळी वाजली आणि माणसं मागोमाग निघाली. गोमाला कोणी चल म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. तो गुडघ्यांवर तसाच बसून पेटी दारातून जाताना बघत होता. या बाजूचे तीन खिळे सरळ बसले होते, आणि चौथा आडवा पडला होता तो तसाच मातीत गेला.